काटकोन त्रिकोणाची बाजू काढताना या चुका टाळा

आमच्या खानापूर भागातली मराठी मिडीयमची पोरं एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, बसताना पायथागोरस पाठ करून येतात, कर्णाचा वर्ग बरोबर बाकीच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, एका दमात म्हणून दाखवतात, तरी मार्क जातात कारण कर्ण कुठला हे न बघताच आकडे टाकलेले असतात.

समजा १० फुटी शिडी भिंतीला लावलीय, पाय भिंतीपासून ६ फुटांवर, तर वरचं टोक किती उंचीवर टेकलं? निम्मी पोरं १०० आणि ३६ ची बेरीज करून ११.६६ फूट लिहून मोकळी होतात. अरे, १० फुटाची शिडी साडेअकरा फुटावर पोचेल कशी? इथं शिडी हाच कर्ण आहे, म्हणून वजाबाकी, १०० मधून ३६ गेले, राहिले ६४, उत्तर ८ फूट. कर्ण म्हणजे काटकोनाच्या समोरची बाजू आणि ती नेहमी सगळ्यात लांब, त्यामुळं आकृती काढून काटकोनाला आधी चौकोनी खूण करा, मगच पेन चालवा.

काहीजण वर्गमूळ वेगवेगळं काढून १० वजा ६ बरोबर ४ लिहितात, हे तर अजिबात चालत नाही. वजाबाकी आधी, वर्गमूळ शेवटी. वर्ग म्हणजे दुप्पट नव्हे हेही सांगावं लागतं बघा.

पत्र्याच्या शेडचं माप काढताना घोळ होतो तो फूट-इंचाचा. ५ फूट ६ इंच म्हणजे ५.६ नाही, ५.५, कारण फुटात १२ इंच. आणि कोपरा खरंच काटकोनात आहे का ते आधी तपासा, गवंडी एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करून तिरपं ५ भरतं का बघतात तसं, नाहीतर हे सूत्रच लागू होत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं बांबूचं गणित. ३२ हात बांबू वाऱ्यानं मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर मोडला किती उंचीवर? पोरं लगेच ३२ ला कर्ण धरतात, पण ३२ ही त्रिकोणाची बाजूच नाही, ती उभा भाग आणि वाकलेला भाग यांची बेरीज आहे. उभा भाग क्ष धरला तर कर्ण ३२ वजा क्ष, आणि सोडवलं की क्ष येतो १२. ताळा करा, १४४ आणि २५६ मिळून ४००, म्हणजे वाकलेला भाग २० हात, १२ नि २० बरोबर ३२.