मध्यरात्रीनंतरच्या बस गायब होत होत्या, तेव्हा

ओपनट्रिपप्लॅनर हे प्रवासाचा मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर बस, रेल्वे आणि पायी असा एकत्र मार्ग छान काढत होता, पण रात्री बारानंतर नुसतं चालतच जायला सांगायचा. नकाशावर मला संशय नव्हता. दिवसा तेच रस्ते चालत होते. बिल्ड कॉन्फिगमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाइलीत, डेटातल्या चुका दाखवणारा डेटा इम्पोर्ट रिपोर्ट चालू केला, तर 'निगेटिव्ह हॉप टाइम'ची, म्हणजे दोन थांब्यांमधला वेळ उणे असल्याच्या तक्रारींची, रांगच लागलेली. जीटीएफएस या वेळापत्रकांच्या प्रमाणित डेटा-स्वरूपातल्या स्टॉप टाइम्स (थांब्यांच्या वेळांच्या) फाइलीत २३:५०:०० नंतरचा थांबा ००:१०:०० लिहिलेला. म्हणजे बस उलट्या काळात धावतेय! तिथे २४:१०:०० हवं, कारण जीटीएफएसमध्ये सेवेचा दिवस मध्यरात्री संपत नाही. छोट्या पायथन स्क्रिप्टने, फेरीत वेळ मागे गेली की तिथून पुढे २४ तास मिळवले आणि ग्राफ, म्हणजे मार्गांचं जाळं, नव्याने बांधला. आधी स्टॉप सीक्वेन्सप्रमाणे (थांब्याच्या क्रमांकाप्रमाणे) क्रम मात्र लावून घ्या. फाइलीत ओळी कशाही असतात.