कारच्या इंजिनाची अवाढव्य बाईक बनवताय? मग या चुका टाळा

कारचं इंजिन बाईकला लावायचं म्हटलं की सगळे आधी पॉवरचंच बोलतात, पण प्रोजेक्ट अडतो तो इंजिनामुळे नाही, इंजिन आणि मागच्या चाकाच्या मधे जे काही आहे त्यामुळे. ब्राझीलची अमेझोनास बाईक फोक्सवॅगन बीटल कारच्या 1600 सीसी इंजिनावर आणि त्याच कारच्या गिअरबॉक्सवर चालायची, रिव्हर्स गिअरसकट. म्हणजे जमतं हे नक्की.

पहिली भानगड डिफरन्शिअलची, म्हणजे कारच्या डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांची. बाईकला चाक एकाच बाजूला जोडलेलं, दुसरी बाजू रिकामी. क्लच सोडला, इंजिन मस्त चालतंय, पण गाडी जागची हलत नाही आणि रिकाम्या बाजूचा शाफ्ट भरभर फिरतोय, असं झालं तर डिफरन्शिअल लॉक करायचं राहिलंय, जिकडे जोर कमी लागतो तिकडचाच शाफ्ट ते फिरवतं, बस. आणि पहिल्या गिअरात गाडी मागे आली तर घाबरू नका, इंजिन उलट्या तोंडाने बसवलंय, बीटलच्या गिअरबॉक्समधे क्राउन व्हील (डिफरन्शिअल फिरवणारं मोठं दातेरी चाक) दुसऱ्या बाजूला घेतलं की फिरणं सुलट होतं.

आता सगळ्यात जास्त लोक फसतात ते स्प्रॉकेटमधे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांमधे. कारच्या गिअरबॉक्समधे शेवटचं रिडक्शन, म्हणजे फेरे कमी करणं, साधारण 4 पट आधीच असतं, त्यावर बाईकच्या सवयीने मागे 3 पट मोठं स्प्रॉकेट लावलं की झाले 12 पट, मग टॉप गिअरात 5000 आरपीएमला चाक मिनिटाला जेमतेम 417 वेळा फिरणार, 2 मीटर घेराच्या चाकाला म्हणजे फक्त 50 किमी वेग! दोन्ही स्प्रॉकेट जवळपास सारखीच ठेवा. पण चेनकडे बघा हं, 110 न्यूटन मीटरचं साधं इंजिनसुद्धा पहिल्या गिअरात 15 सेंमी व्यासाच्या स्प्रॉकेटवर दोन टनांच्या वर ओढ देतं, तिथे साधी बाईकची चेन नको, जाड हेवी ड्युटीच घ्या.

वळणावर ऑइल एका बाजूला जाईल म्हणून लोक इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर कापत बसतात, त्याची खरंच गरज नाही. बाईक झुकते तेव्हा ऑइलही तिच्याबरोबरच खाली दाबलं जातं. ते सरकतं जोरात ब्रेक मारल्यावर, म्हणून चेंबरमधे आडव्या पट्ट्या टाका.

पुढचं चाक धरणारा फोर्क फार पुढे काढू नका, हळू चालवताना हँडल आपोआप एका बाजूला पडतं आणि एवढं वजन हाताने सावरत नाही. कारचं टायरही नको, ते सपाट असतं, झुकताना कडेवर चढतं.

आणि ब्रेक इंजिन सुरू करायच्या आधी बसवा, प्लीज.