‘यस्टर्डे आय हॅड गॉन’: साध्या भूतकाळातल्या या चुका टाळा

इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या नागपूरकर पोरांच्या इंग्रजीत एक वाक्य हमखास सापडतं: ‘यस्टर्डे आय हॅड गॉन टू बर्डी.’ यात अभ्यास कमी पडल्याचा दोष नाही. मराठीत आपण ‘काल बर्डीला गेलो होतो’ म्हणतो, रस्त्यावरच्या हिंदीत ‘कल बर्डी गया था’. शेवटचा तो ‘होतो’ आणि ‘था’ इंग्रजीत ‘हॅड’ होऊन बसतो. तिथे नुसतं ‘वेंट’ पुरतं: ‘आय वेंट टू बर्डी यस्टर्डे.’

मग ‘हॅड’ कधी? भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे दाखवायचं असेल तेव्हा. तुम्ही स्टेशनवर पोहोचलात, तोवर विदर्भ एक्सप्रेस सुटली होती: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ बोलताना ‘हॅड’ तोंडावर आला की स्वतःला विचारा, कशाच्या आधी? उत्तर सापडलं नाही तर काढून टाका.

‘हॅव’ आणि ‘हॅज’चंही असंच. वाक्यात यस्टर्डे, लास्ट वीक किंवा एखादं होऊन गेलेलं साल असेल तर ते चालत नाहीत. पाहुण्यांना दीक्षाभूमी दाखवताना ‘डॉ. आंबेडकर हॅज एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन १९५६’ म्हणू नका. ‘एम्ब्रेस्ड’ एवढंच म्हणा.

‘आय डिड नॉट वेंट’ ही चूक गंमतीची आहे, कारण नियम सगळ्यांना पाठ असतो. पेपरात बरोबर लिहिणारेही बोलताना घसरतात. भूतकाळाची खूण एकदाच लागते. ती ‘डिड’ने घेतली की क्रियापद मूळ रूपात जातं: ‘डिड नॉट गो’. तीन रूपांचे तक्ते घोकण्यापेक्षा मित्राबरोबर सवाल-जवाब करा: ‘डिड यू ईट?’ ‘येस, आय एट.’ ‘नो, आय डिडन्ट ईट.’ माझ्या मते जिभेला वळण यानेच लागतं. फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांच्या जोडीला ‘डिड’ आणू नका: ‘ही वॉज नॉट ॲट होम.’

लहानपणी फुटाळ्यावर फिरायला जायचो, याचं ‘आय वॉज गोइंग’ करू नका. ‘आय यूज्ड टू गो’ म्हणा.

उरला उच्चार. ‘वॉकेड’, ‘आस्केड’ असे उच्चार नसतात. शेवटी क, प, स, श, च, फ असेल तर ट ऐकू येतो: वॉक्ट, आस्क्ट, वॉश्ट. बाकी बहुतेक ठिकाणी ड: कॉल्ड, प्लेड. वेगळा ‘इड’ फक्त ट किंवा ड नंतर: वाँटिड, नीडिड. ‘पुट’ आणि ‘कट’ भूतकाळातही तसेच राहतात. ‘रीड’चं मात्र स्पेलिंग तेच आणि उच्चार ‘रेड’.