गाडीचा बूस्ट पडला? टर्बो बदलायच्या आधी या चुका टाळा

टर्बो गाडी अचानक ओढेनाशी झाली की पहिलं निदान ठरलेलं असतं, "टर्बो गेला". आणि मग महागडा टर्बो उतरवला जातो, नवा बसतो, गाडी बाहेर काढली की पिकअप तसाच मेलेला. कारण टर्बो हवा व्यवस्थित दाबून देत होता (हा जादाचा दाब म्हणजेच बूस्ट), ती हवा इंजिनपर्यंत पोचायच्या आधीच कुठेतरी निसटत होती. कुठून तर एखाद्या होसच्या तोंडाशी, इंटरकूलरच्या (दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) जोडावर, किंवा डंप व्हॉल्व्हमधून. यातला डंप व्हॉल्व्ह सगळ्यात फसवा, कारण तो गळत असला तरी बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल जरा जास्त लिहितोय.

आधी तो करतो काय ते थोडक्यात. पेट्रोल टर्बो गाडीत तुम्ही ॲक्सिलरेटर सोडलात की थ्रॉटलची झडप मिटते, पण टर्बो तर फिरतच असतो, मग दाबलेली हवा बंद झडपेवर आपटून उलटी कॉम्प्रेसरकडे येते. ती हवा वाटेतच सोडून द्यायचं काम डंप व्हॉल्व्हचं. त्याच्या डोक्यावर एक बारीक पाईप असतो जो इनटेक मॅनिफोल्डला जातो. थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो, तो व्हॉल्व्हला वर ओढतो आणि हवा सुटते. थ्रॉटल उघडा असताना त्याच बारीक पाईपमधून बूस्ट येतो आणि व्हॉल्व्हला वरून दाबून धरतो. म्हणजे व्हॉल्व्ह बंद राहतो तो फक्त स्प्रिंगच्या जोरावर नाही, वरून येणाऱ्या या बूस्टचाही त्यात मोठा हात असतो. एवढं एक नीट डोक्यात बसलं की निम्मं निदान आपोआप सुटतं. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये हेच काम इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह करतो, त्याला ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) उघडायला सांगतो. आणि डिझेलवाल्यांनो, तुमच्यातल्या बहुतेक गाड्यांना डंप व्हॉल्व्ह नसतोच, त्यामुळे तो शोधत बसू नका, पण खालचं होस आणि अ‍ॅक्च्युएटरचं तुम्हालाही लागू आहे (अ‍ॅक्च्युएटर म्हणजे टर्बोचा बूस्ट आवरणारी यंत्रणा हलवणारा भाग).

जागेवर रेस करून बूस्ट बघणं

ही चूक तर सर्रास होते. बोनेट उघडायचं, गाडी न्यूट्रलला, कोणीतरी आत बसून रेस देतो आणि बाहेरचा म्हणतो "बघ, बूस्टच बनत नाहीये". अरे बनणार कसा, इंजिनवर लोडच नाही, लोड नाही तर एक्झॉस्टमध्ये टर्बो फिरवायला लागणारा जोर नाही. बूस्ट बघायचा तर गाडी चालवून बघावा लागतो. मोकळा सुरक्षित रस्ता किंवा डायनो (गाडी जागेवरच लोडवर चालवायचं रोलरचं मशीन), तिसरा गिअर, साधारण २००० आरपीएमपासून फुल थ्रॉटल, आणि स्कॅनरवर लॉग चालू. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला टाकून, नाहीतर मध्येच गिअर पडतो आणि सगळे आकडे बिघडतात. लॉग बघायला शेजारी दुसरं माणूस हवंच, चालवता चालवता स्क्रीन बघायची नाही.

कोड वाचून थेट पार्ट मागवणं

स्कॅनरवर पी०२९९ आला म्हणजे अंडरबूस्ट. त्याचा अर्थ एवढाच की ईसीयूने जेवढा बूस्ट मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही ते हा कोड सांगत नाही, आणि टर्बो बदला असं तर मुळीच सांगत नाही. त्यामुळे लाइव्ह डेटामध्ये तीन गोष्टी एकत्र बघा: मागितलेला बूस्ट, प्रत्यक्ष बूस्ट, आणि वेस्टगेटची ड्यूटी. वेस्टगेट म्हणजे एक्झॉस्टला टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, आणि ड्यूटी म्हणजे ईसीयू ती झडप किती टक्के जोर लावून आवरतोय तो आकडा.

मागणी भरपूर, प्रत्यक्ष कमी, आणि ड्यूटी टोकाला जाऊन बसलेली, म्हणजे ईसीयू जीव तोडून बूस्ट वाढवायला बघतोय पण हवा कुठेतरी जातेय, नाहीतर वेस्टगेट पूर्ण मिटत नाहीये. पण मुळात मागणीच कमी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ईसीयूने स्वतःहून हात आखडता घेतलाय, नॉकिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी पेटणं) असेल, इनटेकचं टेंपरेचर वाढलं असेल, फ्युएल प्रेशर कमी असेल किंवा गाडी लिंप मोडला (बिघाड दिसल्यावर ईसीयू ताकद कमी करतो तो मोड) गेली असेल. अशा वेळी होस तपासत बसलात तर अख्खा दिवस वाया जातो आणि सापडत काहीच नाही. माझ्या मते हा एकच फरक कळला तरी निम्मे फुकटचे खर्च वाचतात.

अजून एक गोंधळ आकड्यांचा. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर दाखवतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण दाब, त्यामुळे इंजिन बंद आणि इग्निशन चालू असताना समुद्रसपाटीला साधारण १०० केपीए दिसणारच, तो बूस्ट नव्हे. १८० दिसले तर बूस्ट ८० केपीए, म्हणजे ०.८ बार, म्हणजे साडेअकरा पीएसआयच्या आसपास. डॅशवरचा बूस्ट गेज मात्र हवेचा दाब वजा करूनच दाखवतो. उंचावर गेलात की इंजिन बंद असतानाचा आकडाही खाली येतो, दर १०० मीटरला जवळपास १ केपीए. त्यामुळे तुलना करताना इंजिन बंद असतानाचा आकडा आधी लिहून ठेवा.

आवाजावरून ठरवणं

गिअर बदलताना फसकन आवाज येतो म्हणून व्हॉल्व्ह खराब, असं नसतं, तो त्याचं कामच करतोय. उलट ॲक्सिलरेटर सोडताना कबुतरासारखा फडफडाट येत असेल तर व्हॉल्व्ह उघडत नाहीये किंवा उशिरा उघडतोय, हवा उलटी कॉम्प्रेसरवर जातेय. हा त्रास वेगळा आणि गळती वेगळी. गळतीचा आवाज बूस्ट चढत असताना येतो, सतत फुसफुस किंवा शिट्टी, जी बूस्टबरोबर वाढत जाते. आणि परतीच्या पाईपवाला, म्हणजे हवा बाहेर न सोडता परत टर्बोच्या आधी टाकणारा व्हॉल्व्ह गळत असेल तर बाहेर फारसं ऐकूही येत नाही.

अजून एक, काही व्हॉल्व्ह आयडलला व्हॅक्यूममुळे थोडे उघडे राहतात, स्प्रिंगच तशी मऊ असते. आयडलला तोंडाशी हात लावून ओढ जाणवली म्हणून लगेच तो फेकून देऊ नका.

टर्बोच्या तोंडातून प्रेशर टेस्ट करून व्हॉल्व्हला पास करणं

आता मुख्य मुद्दा, हे सगळ्यांनी नीट वाचा कारण चांगले चांगले इथे चकतात.

बूस्ट लीक शोधायची नेहमीची पद्धत म्हणजे एअर फिल्टरकडचा पाईप काढायचा, तिथे टोपी बसवायची, कॉम्प्रेसरने हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. पद्धत उत्तम आहे, होस, क्लॅम्प, इंटरकूलर सगळं सापडतं. पण कंपनीच्या बहुतेक गाड्यांमध्ये डंप व्हॉल्व्ह सोडलेली हवा बाहेर न टाकता परत टर्बोच्या आधीच्या पाईपमध्ये टाकतो. आता तुम्ही त्याच पाईपमधून हवा भरताय, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडे जेवढा दाब तेवढाच पलीकडे. दोन्हीकडे सारखा दाब असल्यावर गळती होणार कुठून? व्हॉल्व्हमधला डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटून चिंध्या झाला असला तरी टेस्ट क्लीन येते, आणि मग निष्कर्ष निघतो की लीक कुठेच नाही, म्हणजे टर्बोच गेला.

मग करायचं काय? परतीचा होस व्हॉल्व्हपासून काढा, पाईपकडचं उघडं तोंड बुच मारून बंद करा, आणि मग हवा भरा. व्हॉल्व्हचं मोकळं तोंड आता समोर आहे, तिथे साबणाचं पाणी लावा नाहीतर कान लावा. तिथून हवा येत असेल तर चोर सापडला. थोडे तुरळक बुडबुडे आले तर चालतं, पण सरळ झोत येत असेल तर व्हॉल्व्ह गेला.

हवा भरताना रेग्युलेटर पाहिजेच. ०.३ बारपासून सुरू करा आणि गाडीच्या स्वतःच्या बूस्टच्या वर जाऊ नका. टोपीच्या समोर उभं राहायचं नाही, सुटली तर गोळीसारखी येते. क्रँककेस ब्रीदरचा (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारा) पाईप त्याच इनटेकला येत असेल तर तो काढून बंद करा, नाहीतर सगळा दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील बाहेर येतील. आणि दाब हळूहळू उतरला तर घाबरू नका, कुठल्यातरी सिलिंडरचे व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात, सायलेन्सरमधून थोडी हवा जाणारच.

व्हॉल्व्ह हातात काढून बघायचा तर डायफ्रॅमवाल्यात हँड व्हॅक्यूम पंप बारीक निपलला लावा. व्हॅक्यूम दिला की व्हॉल्व्ह वर गेला पाहिजे आणि काटा मिनिटभर तरी जागेवर थांबला पाहिजे. काटा पडत असेल तर आतलं रबर फाटलंय. पंप नसेल तर व्हॉल्व्ह बोटाने आत दाबा, निपलवर दुसरं बोट घट्ट ठेवा आणि सोडा, तो आतच अडकून राहिला पाहिजे. इलेक्ट्रिक व्हॉल्व्हमध्येही काहींना रबरी डायफ्रॅमच असतो. तो उजेडासमोर धरा आणि रबराची घडी अंगठ्याने हळूच ताणा. नुसतं बघून अखंड दिसतं, पण ताणलं की घडीच्या आत नखाएवढी चीर उघडते आणि पलीकडचा उजेड दिसतो. बूस्टखाली नेमकी तीच चीर उघडत असते. पिस्टनवाल्यात पिस्टन हाताने सरकवून बघा, चिकट काळा थर बसला की तो अर्धवट उघडाच अडकतो, साफ केला तर बऱ्याचदा परत चालतो.

बारीक पाईपकडे दुर्लक्ष

व्हॉल्व्ह नवा टाकला तरी बूस्ट गळतोय? डोक्यावरचा बारीक पाईप बघा. तो टोकाशी कडक होऊन चिरतो, मग वरून दाबणारा बूस्ट मिळत नाही, स्प्रिंग एकटी पुरत नाही आणि चांगला व्हॉल्व्हसुद्धा लोडवर उघडतो. आणि तो पाईप थ्रॉटलच्या पुढेच, मॅनिफोल्डला जोडलेला हवा. थ्रॉटलच्या आधी जोडला तर व्हॅक्यूम कधी मिळणारच नाही आणि व्हॉल्व्ह उघडणारच नाही.

मॅफ सेन्सरवाल्या गाडीला हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लावणं

आवाजाच्या हौसेपायी हे होतं. मॅफ सेन्सरने मोजलेली हवा बाहेर गेली, ईसीयूने पेट्रोल मात्र त्या हवेच्या हिशोबाने सोडलं, मग गिअर बदलताना मिक्स्चर रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), झटका, काळा धूर, सिग्नलला गाडी बंद पडणं. शिवाय आयडलला तो व्हॉल्व्ह जरा उघडा राहिला तर फिल्टर न झालेली हवा आत. आवाजापेक्षा गाडी नीट चालणं महत्त्वाचं, कंपनीने परतीचा पाईप दिला असेल तर तो ठेवा.

होस आणि क्लॅम्प

इथे लीक शोधायला साबण लागतोच असं नाही, डोळे पुरतात. टर्बोच्या पुढच्या पाईपांमध्ये थोडं ऑइल असतंच, जिथून हवा निसटते तिथे ते बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळपट ओला पट्टा तयार होतो. होसच्या खालच्या बाजूला बोट फिरवा, वरून सगळं छान दिसतं. इंटरकूलरला प्लास्टिकची टाकी असेल तर तिचा अ‍ॅल्युमिनियमशी जोड बघा.

होस सारखा निसटतोय म्हणून क्लॅम्प जीव खाऊन आवळू नका, पट्टी रबर कापते. आतलं ऑइल ब्रेक क्लीनरने पुसा, दोन्ही भाग कोरडे करा आणि मग बसवा. इंजिन गार असतानाच, गरम मॅनिफोल्डजवळ तो स्प्रे पेट घेतो. आणि कार्ब क्लीनर फवारून बूस्ट लीक सापडत नाही, ती युक्ती हवा आत ओढली जाते तिथली, इथे हवा बाहेर येतेय.

अ‍ॅक्च्युएटरचा पाईप सुटला म्हणजे बूस्ट कमीच होणार असं धरणं

गाडीवर अवलंबून आहे. दाबावर चालणारा वेस्टगेट असेल तर पाईप सुटल्यावर तो उघडणारच नाही, बूस्ट वाढेल आणि पी०२३४ म्हणजे ओव्हरबूस्टचा कोड येईल. व्हॅक्यूमवर चालणारा असेल, डिझेलच्या व्हीजीटीत (पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोत) हे नेहमीचं, तर तोच पाईप सुटल्यावर बूस्ट पडतो. आपली गाडी कुठल्या जातीची ते आधी बघा.

लीक तशीच ठेवून बूस्ट वाढवणं

वेस्टगेटचा रॉड आखूड करून किंवा कंट्रोलर लावून गेलेला बूस्ट भरून काढायचा, हे मला सगळ्यात धोकादायक वाटतं. छोटे टर्बो तसेही दीड लाख आरपीएमच्या वर फिरतात, गळणारी हवा भरून काढायला त्यांना अजून पळावं लागतं, हवा जास्त तापते, बेअरिंग झिजतात. म्हणजे चांगला टर्बो आता खरंच जातो.

हे सगळं बघूनही बूस्ट नसेल तर मग टर्बोकडे या, पण तिथेही आधी एअर फिल्टर, कॅट किंवा डीपीएफ (एक्झॉस्टचा धूर साफ करणारे भाग) चोंदलाय का, आणि टर्बोच्या आधीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा आहे का ते बघा, थंड इंजिनला टिकटिक येते ती बऱ्याचदा याचीच. मग इंजिन गार असताना टर्बोचं चाक हाताने हलवा. आडवा थोडा खेळ असतो, तो ऑइलच्या थरासाठी ठेवलेला असतो. पुढे-मागे खेळ जाणवला, पाती घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा पात्यांचे टोक तुटलेले दिसले, तर मात्र टर्बो.

दुरुस्ती झाली की कोड खोडा आणि त्याच गिअरला, त्याच आरपीएमपासून परत लॉग घ्या, जुन्या लॉगशेजारी ठेवून बघा. प्रत्यक्ष बूस्ट मागणीला जाऊन भिडला आणि वेस्टगेटची ड्यूटी टोकावरून खाली आली तर काम झालं. दोन-चार वेळा गाडी पूर्ण तापून गार झाली की क्लॅम्प एकदा परत तपासा, नवा होस गरम झाला की थोडा बसतो आणि क्लॅम्प सैल पडतो.