पिल्लू शिकलेलं अचानक विसरलं? मग काय करायचं ते बघा

तांबी घरी आली तेव्हा दोन महिन्यांची होती, सोसायटीच्या पार्किंगमधे पावसात भिजून कुडकुडत बसलेलं इंडी, म्हणजे आपलं देशी पिल्लू. चार महिन्यांची होईपर्यंत 'सिट', 'थांब', 'ये' सगळं पाठ, हाक मारली की गाढ झोपेतनं उठून यायची. आणि साडेसहा महिन्यांची असताना एका संध्याकाळी ग्राउंडवर मी 'ये' म्हटलं, तिने मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं आणि उलट्या दिशेला पळत सुटली. गेट बंद होतं म्हणून निभावलं. घरी येऊन मला खरंच रडू आलं, एवढी मेहनत पाण्यात गेली असं वाटलं.

मेहनत पाण्यात गेलेली नसते, हे आधी सांगते. पिल्लाने पाटी पुसलेली नसते, पण त्याच्या शरीरात, वयात नाहीतर आजूबाजूला काहीतरी बदललेलं असतं आणि ते शोधायचं काम आपलं असतं. आमच्याकडे काय काय उपयोगी पडलं ते क्रमाने लिहिते.

सगळ्यात आधी त्या दिवशीचं ट्रेनिंग तिथेच थांबवा

ऐकत नाही म्हणून 'सिट, सिट, सिट गं, सिट म्हटलं ना' असं दहादा म्हणू नका, कारण त्यातनं पिल्लू एवढंच शिकतं की पहिल्या नऊ वेळा ऐकलं नाही तरी चालतं. एकदा म्हणा, नाही केलं तर दोन पावलं मागे या, त्याला अगदी हमखास येणारं काहीतरी सोप्पं करायला लावा, खाऊ द्या आणि संपवा. ओरडणं, मारणं, पट्टा हिसकणं तर अजिबात नको, घाबरलेलं पिल्लू तुम्हाला टाळायला शिकतं, मग पुढचं सगळंच अवघड होतं.

मग शरीर तपासा

हे बरेच लोक विसरतात. साधारण चौथ्या महिन्यापासून सहा-सात महिन्यांपर्यंत २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात येत असतात, हिरड्या ठणकत असतात, अशा वेळी कुरकुरीत बिस्किटासाठी कोण मन लावून बसेल. तांबीचा एक दात मला चटईवर सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा, मुळाशी थोडं रक्त. त्या आठवड्यात ती चप्पल, सोफ्याचा पाय, माझी ओढणी सगळं चावत होती आणि मी तिला हट्टी समजत होते. तेव्हापासून फ्रीजमधलं थंडगार आख्खं गाजर द्यायला लागले, आपण समोर बसूनच द्यायचं, आणि ट्रेनिंगला मऊ खाऊ ठेवला, उकडलेल्या चिकनचे नाहीतर पनीरचे नखाएवढे तुकडे. मनुका, चॉकलेट, कांदा मात्र चुकूनही नको, कुत्र्यांना ते विषारी आहे.

घरात शी-शूची सवय लागलेलं पिल्लू अचानक परत आत करायला लागलं, त्यातही थोडी थोडी आणि सारखी सारखी, तर शिकवणं बाजूला ठेवा आणि आधी व्हेटकडे जा, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं. कान उलटून आत नीट बघा, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे तरच पुढे जा, आणि मग शी-शू अगदी पहिल्या दिवसासारखी सुरू करा, झोपेतनं उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर. फरशी फिनेलने पुसून भागत नाही, आपल्याला फिनेलचा वास येतो, त्याला खालचा जुनाच येतो, एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते आणा. पावसाळ्यात बरीच पिल्लं ओल्यात पाय ठेवायलाच तयार नसतात, त्यांना पोर्चखाली कोरडी जागा शोधून द्या.

वय किती आहे ते बघा

सहा महिन्यांच्या पुढे पिल्लू वयात यायला लागतं आणि ते दीड वर्षापर्यंत सुद्धा चालू शकतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मधे एक अभ्यास छापला, त्यात पाच महिन्यांची असताना मालकाच्या सांगण्यावर बसणारी कुत्री आठ महिन्यांची झाल्यावर त्याच मालकाचं कमी ऐकायला लागलेली दिसली, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. हे वाचून मला फार हलकं वाटलं. आपल्याच घरातली दहावीतली पोरं आठवा की.

घरातले शब्द तपासा

आमच्याकडे सुरुवातीला 'बस' हा शब्द होता. मग लक्षात आलं की दिवसभर घरात 'बसा ना', 'बस झालं आता', 'बस चुकली' चालू असतं आणि त्यातल्या एकाही वेळेला पिल्लाकडून काहीच अपेक्षा नसते, म्हणजे तो शब्द त्याच्यासाठी पंख्याच्या आवाजासारखा होऊन जातो. वर आई 'खाली बस' म्हणायची, भाऊ 'सिट डाऊन', आणि मुलं नुसतीच हात दाखवायची. शेवटी एकच शब्द आणि एकच हाताची खूण ठरवून कागदावर लिहून फ्रीजवर लावलं. चार दिवसांत फरक दिसला. घरात चारजण असतील तर माझ्या मते हे जरूर करून बघा, यात काही खर्च नाही.

आता एक पायरी खाली उतरा

हॉलमधे येणारं 'सिट' जिन्यात येईलच असं नाही, कुत्र्यांना जागा बदलली की ती गोष्ट नवीन वाटते. तीन गोष्टी लक्षात ठेवा, तुम्ही किती लांब आहात, किती वेळ थांबायचंय, आणि आजूबाजूला गडबड किती. यातली एकावेळी एकच वाढवायची, बाकीच्या दोन सोप्या ठेवायच्या. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं की एक पायरी वर जायचं, पाचच वेळा आलं तर खाली. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातनं तीन-चारदा, बास.

'ये' साठी वेगळा वेळ द्या

कारण यावर त्याचा जीव अवलंबून आहे, गेटबाहेर रस्ता असतो. मी काय चुकत होते तर 'ये' म्हणून बोलवायचे आणि पट्टा लावून घरी न्यायचे, नाहीतर आंघोळ घालायचे, नाहीतर नखं कापायचे. तिच्या दृष्टीने 'ये' म्हणजे मजा संपली. त्या शब्दाची वाट लागलीच होती म्हणून मी तो सोडला आणि 'इकडे' हा नवीन शब्द घेतला. पहिला आठवडा फक्त घरात, दोन पावलांवरनं, आली की चिकनचे चार-पाच तुकडे एकामागोमाग एक. मग पॅसेजमधे. मग ग्राउंडवर पाच मीटरच्या लांब दोरीने, दोरी हार्नेसला (छातीभोवती घालायच्या पट्ट्याला) बांधायची, गळ्यातल्या पट्ट्याला नाही, झटका बसतो. आणि आली की दहापैकी नऊ वेळा खाऊ देऊन परत 'जा खेळ' म्हणून सोडायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. उशिरा आली तरी रागवायचं नाही, आली ना. आंघोळीसाठी बोलवायचंच नाही, आपण उठून आणायला जायचं.

घाबरून बिघडलं असेल तर

गणपतीच्या आधी आमच्या मागच्या मैदानात ढोल-ताशाची प्रॅक्टिस चालते. तांबी एका संध्याकाळी गेटपाशीच आडवी झाली, शेपूट पोटाखाली, कान मागे, आणि त्यानंतर तीन दिवस लिफ्टच्या बाहेर यायला तयार नाही. अशा वेळी ओढून न्यायचं नाही. लांबून, जिथे आवाज ऐकू येतो पण ती अजून खाऊ खाते तिथे उभं राहायचं. खाऊ नाकाशी धरून सुद्धा घेत नाही म्हणजे आपण फार जवळ आलोय, मागे फिरा. जवळ घेतलं तर भित्री होईल असं काहीजण सांगतात, माझा यावर विश्वास नाही, भीती ही काही शाबासकीने वाढणारी सवय नव्हे, तिला तुमचा आधार हवा असेल तर द्या. आम्हाला गेटपर्यंत परत पोचायला नऊ दिवस लागले.

सुधारायच्या आधी बिघडतं ते ओळखा

जेवताना भुंकून पोळीचा तुकडा मिळवायची सवय आम्ही मोडत होतो, लक्षच द्यायचं नाही असं ठरलं होतं, तर तिसऱ्या दिवशी भुंकणं दुप्पट झालं. आधी चालणारी युक्ती चालेना म्हणून पिल्लू जोर लावून बघतं. नेमकं तेव्हाच कोणीतरी कंटाळून तुकडा टाकला की ते शिकतं, जास्त भुंकलं की मिळतं. त्या दोन-तीन दिवसांत पाहुण्यांना सुद्धा आधीच सांगून ठेवा, आणि ताटं मांडायच्या आधी त्याला चटईवर चघळायला काहीतरी देऊन ठेवा.

एक साधी वही ठेवा, तारीख, जागा, काय बिघडलं, त्या दिवशी झोप किती झाली, एवढंच. पिल्लं दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतात आणि तांबीच्या वहीत वाईट दिवसांच्या पुढे बहुतेक वेळा दुपारची झोप मोडल्याचं लिहिलेलं निघालं.

तीन-चार आठवडे हे सगळं करूनही काहीच हललं नाही, किंवा पिल्लू खाण्यावरनं गुरगुरायला, दात दाखवायला लागलं, तर ट्रेनर गाठा, पण खाऊ आणि शाबासकीवर शिकवणारा. पहिल्याच भेटीत चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) बाहेर काढणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा.