टिपमध्येच गोठलेलं जेल आणि फसवा निष्कर्ष: थ्रीडी सेल कल्चरमधल्या या चुका टाळा

मे महिन्यातली नांदेडची दुपार. लाइट गेलेली, एसी बंद. प्लेटमधले निम्मे वेल (छोटे खड्डे) अजून रिकामे आणि पिपेटच्या टिपमध्ये मॅट्रिजेल, म्हणजे पेशींना आधार देणारं जेल, घट्ट बसलेलं. थ्रीडी सेल कल्चरची, म्हणजे पेशी सपाट थराऐवजी गोळ्यांच्या (स्फेरॉइडच्या) रूपात वाढवण्याची, माझी पहिली बॅच अशीच गेली.

चूक साधीच होती. घाई नडली आणि ट्यूब टेबलावरच वितळायला ठेवली. मॅट्रिजेल १० अंशांच्या वर गेलं की घट्ट व्हायला लागतं, २२ च्या पुढे तर बघता बघता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला कितीसा वेळ मिळणार? आदल्या रात्री ट्यूब बर्फात रोवून ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा. टिप्स, ट्यूब, प्लेट, सगळं आधीच गार करून घ्या. वितळलं की लहान लहान भाग करून ठेवा, पुन्हापुन्हा गोठवू नका. हे जेल उंदराच्या गाठीतून काढतात, त्यामुळे प्रत्येक लॉट थोडा वेगळा असतो. प्रयोग अर्ध्यावर असताना लॉट बदलू नका.

बजेट कमी असेल तर मॅट्रिजेलऐवजी सपाट तळाच्या ९६ वेल प्लेटमध्ये प्रत्येकी ५० मायक्रोलिटर दीड टक्का अ‍ॅगरोज (समुद्री शेवाळापासूनचं स्वस्त जेल) गरम असतानाच ओता. थंड झाल्यावर मधे खळगा पडतो आणि पेशी त्यात गोळा होतात. माझं मत विचाराल तर शिकताना हेच बरं.

कडेच्या वेलमधलं पाणी लवकर उडतं. बाहेरच्या ३६ वेलमध्ये नुसतं पीबीएस (क्षारांचं द्रावण) भरा, प्रयोग आतल्या ६० मध्ये करा. इन्क्युबेटरमधला पाण्याचा ट्रे रोज बघा.

पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेतून आलेल्या पेशींचे लगेच गोळे करायला बसू नका. दोन-तीन पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) साध्या फ्लास्कमध्ये होऊ द्या, मायकोप्लाझ्मा या जिवाणूची लागण नाही ना ते तपासा. शिवाय प्रत्येक ढीग म्हणजे स्फेरॉइड नव्हे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींपैकी एमसीएफ-७ बऱ्यापैकी घट्ट गोळा करतात, एमडीए-एमबी-२३१ मात्र सैल घोळका करून बसतात. त्यांना थंड मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) अडीच टक्के मॅट्रिजेल घालून प्लेट हलकेच सेंट्रिफ्यूज करावी लागते. मीडिया बदलताना निम्माच काढा, तोही वेलच्या भिंतीला टिप लावून.

सगळ्यात महागात पडते ती शेवटची पायरी. औषध दिलं, एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजण्याची चाचणी) केलं, आकडा वेगळा आला आणि आपण लिहून मोकळे, 'थ्रीडीमध्ये पेशी औषधाला दाद देत नाहीत.' थांबा. गोळा भाकरीसारखा असतो, वरून भाजलेला दिसला म्हणून आतून शिजलाय असं नाही. एमटीटी आतपर्यंत नीट पोचत नाही, तयार झालेले स्फटिकही पूर्ण विरघळत नाहीत. थ्रीडीसाठीच बनवलेलं, एटीपी (जिवंत पेशींमधला ऊर्जेचा रेणू) मोजणारं रसायन वापरा आणि प्लेट शेकरवर नीट हलवा. खात्री हवी असेल तर काही गोळे ट्रिप्सिनने मोकळे करून पेशी मोजा आणि आकडे ताडून पाहा.

आकाराचंही तसंच. साधारण ५०० मायक्रॉनच्या पुढे गोळ्याच्या मध्यभागी ऑक्सिजन कमी पडतो आणि औषध न देताही तिथल्या पेशी मरतात. म्हणून औषध देण्याआधी प्रत्येक गोळ्याचा फोटो काढा, व्यास लिहा, फार लहान-मोठे बाजूला काढा. आणि औषध न दिलेल्या गोळ्यांनाही प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या पेशी रंगवणारं रसायन) लावून बघा.

लाइट गेली की इन्क्युबेटरही बंद पडतो, म्हणून ती किती वाजता गेली, किती वाजता आली, हेही प्लेटच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा. आम्ही दोन आठवडे औषधाला दोष देत होतो. मग झाकणावरची वेळ दिसली.