लावणीआधीचे तीन आठवडे: शाळेची सकाळ मुलांच्या हाती कशी द्यायची

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते आणि भाताची लावणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात जोर धरते. मधे जेमतेम तीन आठवडे मिळतात. एकदा तरवा (भाताची रोपं) काढायला सुरुवात झाली की घरातली मोठी माणसं उजाडता शेतात असतात, आणि "आई, माझा दुसरा मोजा कुठंय?" याला उत्तर द्यायला घरात कुणी नसतं. किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांत हीच अडचण महिनाभराने येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बाबा घरी असतात, मुलांना गाडीवरून फाट्यावर सोडतात. १ ऑगस्टनंतर होड्या बाहेर पडतात आणि दीड महिन्याची लागलेली सवय एका दिवसात तुटते. म्हणून सकाळची कामं मुलांच्या अंगवळणी पाडायची ती याच तीन आठवड्यांत. एकदम सगळी नाहीत. आठवड्याला एक काम पुरे.

आधी उलटी वेळ मोजा

घड्याळ उठण्यापासून धरू नका, एसटीपासून मागे या. समजा, अकरावीतल्या मुलीची तालुक्याला जाणारी गाडी फाट्यावर ६.५० ला येते. मे महिन्यात पाखाडी (चिऱ्यांची पायऱ्यांची वाट) उतरून फाटा गाठायला १५ मिनिटं लागत असतील, तर पावसात २५ धरा. चिऱ्यांना शेवाळ धरतं, रेनकोट पायांत येतो, पाठीवर दप्तर असतं. एकदा खरोखर पावसात, दप्तरासकट चालून वेळ घ्या. अंदाजाने धरलेली वेळ नेहमी कमीच निघते. गाडीआधी पाच मिनिटं पोचायचं म्हणजे ६.२० ला घर सोडायचं. रेनकोट-चपलांना ५ मिनिटं, खायला १५, आंघोळ आणि कपड्यांना ३०. उठायची वेळ आली ५.३०. न्हाणीघर एकच असेल आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणालाही जायचं असेल तर ५.१५.

पाचवीतल्या धाकट्याची शाळा साडेदहाची असेल तर त्याला या गडबडीत उठवू नका. "एकदाच दोघांना उठवलं की सुटले" हा हिशेब चुकतो. न्हाणीघरापाशी भांडण होतं, आणि धाकटा नऊ वाजता दप्तर घेऊन पेंगत बसतो. त्याच्या वयाला रात्रीची ९ ते १२ तास झोप लागते, तेराच्या पुढच्यांना ८ ते १० तास. (चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनानेही २०२४ मध्ये ठरवलं, ते झोपेसाठीच.) मोठीच्या चारच वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली लावा: उठणं, खाणं, रेनकोट, उंबरा. यापेक्षा लांब वेळापत्रक कुणी वाचत नाही.

पहिला आठवडा: दप्तर

दप्तर रात्री भरायचं, जेवणाआधी. जेवणानंतर डोळे मिटायला लागतात.

"दप्तर भरलंस का?" असं विचारलं की मूल न बघताच "हो" म्हणतं. त्याऐवजी "उद्या कुठले तास आहेत?" असं विचारा. उत्तर द्यायला वेळापत्रक उघडावंच लागतं. पहिले दोन-तीन दिवस शेजारी बसा, पण हात मांडीवर. नंतर दारातून विचारा. आठवडा संपेपर्यंत विचारणंही बंद. इथे घोळ घालतात ती बहुधा आपणच: मूल झोपल्यावर राहिलेली वही गुपचूप आत सरकवतो. वही राहिली हे मुलाला मग कधी कळतच नाही. आजीलाही हे आधीच सांगून ठेवा, कारण वही सरकवण्यात आजी आईच्या पुढे असते. तिला उगाच गप्प बसवण्यापेक्षा तासांचा प्रश्न विचारायचं काम तिच्याकडेच द्या.

वजन एकदा करून बघा. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जड नको, म्हणजे ३० किलोच्या मुलाला डबा-पाण्यासकट ३ किलो. काजू बी तोलायचा आकड्याचा काटा घरात असेल तर त्याला दप्तर अडकवा, मुलांनाही गंमत वाटते. एक लिटरची भरलेली बाटली एकटीच किलोभर भरते. शाळेत उकळलेलं किंवा गाळलेलं पाणी मिळत असेल तर अर्ध्या लिटरची पुरते. मिळत नसेल तर मात्र वजन सोसून घरचं उकळलेलं पाणी भरून द्या.

दप्तरावर घालायचं कव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं. पाऊस मानेवरून पाठीवर उतरतो आणि पट्ट्यांच्या शिवणीतून आत जातो. म्हणून जाड प्लॅस्टिकची पिशवी दप्तराच्या आत घाला, वह्या-पुस्तकं तिच्यात, तोंड पिळून दुमडा आणि वर रबर लावा. डबा आणि बाटली या पिशवीच्या बाहेर. आमटी सांडली तर मग ती वहीपर्यंत जात नाही. छोट्या दुसऱ्या पिशवीत कोरडे मोजे आणि एक जुना पंचाचा तुकडा. रेनकोट दप्तरावरून घालता येईल असा, गुडघ्याखाली येणारा घ्या. छत्री किनाऱ्यावरच्या वाऱ्यात उलटी होते, शिवाय हात अडकतो.

एसटीचा पास दप्तराच्या आतल्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या कव्हरात, दोरीने बांधलेला. मुलींना पाचवी ते बारावी प्रवास मोफत, मुलग्यांना साधारण एक तृतीयांश भाडं. पण दोघांच्याही पासाची मुदत संपते, ती तारीख कॅलेंडरवर मुलांनीच लिहायची. आठवीपासून पुढे पास वाढवून आणायचं काम त्यांचंच.

दुसरा आठवडा: कपडे आणि पाय

गणवेश दोनच असतात आणि जुलैत कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. अंगणातल्या दोरीचा काही उपयोग नाही. संध्याकाळी घरी आल्याबरोबर गणवेश उतरवायचा आणि सातच्या आत धुवायचा. ओला कपडा बादलीत बोळा करून ठेवला की वास धरतो आणि पांढऱ्या शर्टावर बुरा येतो, तो नंतर कशानेही पुरता जात नाही. पिळून झाल्यावर कोरडा टॉवेल लादीवर पसरा, त्यावर शर्ट, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करा आणि मुलाला तिच्यावर मिनिटभर उभं राहू दे. हे काम दहा वर्षांचं मूलही आवडीने करतं. अर्धंअधिक पाणी टॉवेलात उतरतं. मग माजघरात पंख्याखाली हँगरवर, बटणं उघडी, खिसे उलटे. सकाळी कॉलर आणि शिवणी दमट असतात, तेवढ्यावर इस्त्री फिरवा. लाइट नसेल तर दुसरा गणवेश. म्हणून एक जोड कायम कोरडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला हवा.

बुटांचं काम त्याहून कटकटीचं. घरी आल्यावर नाडी पूर्ण सैल करून जीभ वर ओढायची, आतला तळ बाहेर काढायचा आणि वर्तमानपत्राचे बोळे टोकापर्यंत कोंबायचे. तासा-दोन तासांनी बोळे बदलायचे, झोपताना परत एकदा. एकदाच कोंबून सकाळपर्यंत ठेवले तर कागद ओला होऊन बसतो आणि पाणी बुटातच राहतं. चुलीच्या तोंडाशी बूट ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो. दोन-तीन हात लांब ठेवले तर चालतात. खरं तर शाळेला विचारून पावसाळाभर रबरी सँडलची परवानगी घेतलेली बरी. बऱ्याच शाळा देतात.

पाय रोज संध्याकाळी साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांत कोरडे करायचे, धाकट्याचे तुम्ही तपासा. कातडी पांढरी, भिजलेली दिसली आणि खाज असेल तर चिखल्या धरतायत. कोरडं ठेवून बुरशीवरची पावडर लावली की बहुतेक वेळा आवरतं. भेग पडली, दुखायला लागलं तर डॉक्टर. पायाला जखम असेल तर मळ्यातल्या पाण्यातून अनवाणी जाऊ देऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू अशाच जखमेतून शिरतो. पावसाळ्यात मुलाला ताप आला आणि पोटऱ्या दुखत असतील तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, आणि मूल पाण्याचिखलातून चाललं होतं हे न विचारता सांगा.

डबा

थोडक्यात. पहिली ते आठवी पोषण आहार मिळणाऱ्या मुलाला मोठा डबा दिला की तो तसाच परत येतो. त्याला मधल्या सुट्टीपुरतं घावन किंवा थालीपीठ पुरे. कॉलेजच्या मुलीला मात्र पोटभर द्या, ती सकाळी सहाला घास-दोन घासच खाते. भात-भाजी गरम असताना झाकण लावू नका, वाफेचं पाणी सुटून दुपारपर्यंत आंबूस वास येतो. दहा मिनिटं उघडं ठेवा. ओल्या खोबऱ्याची कच्ची चटणी या हवेत टिकत नाही, तिच्याऐवजी सुकी चटणी किंवा लोणचं द्या.

तिसरा आठवडा: उठणं

सगळ्यात अवघड हेच. वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळ तास-दोन तासांनी पुढे सरकतं. चौदा वर्षांच्या मुलाला रात्री नऊला झोप येत नाही, त्यात आळस नाही. पण एसटीला हे कुणी सांगितलेलं नाही, तेव्हा घड्याळ मागे ओढायलाच हवं. आठवडाभर आधीपासून रोज १५ मिनिटं लवकर निजायचं आणि तेवढंच लवकर उठायचं. रविवारी तासाभरापेक्षा जास्त लोळायचं नाही, नाहीतर सोमवारी पाढे पंचावन्न.

मोबाइल रात्री नऊ वाजता स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळ्यांचा. आईबाबांचा फोन उशाशी आणि मुलाचा स्वयंपाकघरात, हा नियम चार दिवस टिकतो. दोन सबबी ठरलेल्या आहेत, त्यांची सोय आधीच करा. "अलार्म लागतो" म्हटलं की साधं गजराचं घड्याळ, हात पोचणार नाही इतक्या लांब. "रात्री लाइट गेली तर?" म्हटलं की सेलची बॅटरी उशाशी. बाबा मुंबईला असतील किंवा बोटीवर, तर त्यांच्या फोनची वेळ आठची ठरवा. साडेनऊला आलेला बाबांचा फोन कुणालाच कापवत नाही, आणि मग झोप दहाच्या पुढे जाते.

सकाळी हाक एकदाच. दिवा लावा, पंखा बंद करा, "साडेपाच झाले" एवढं म्हणा आणि खोलीतून बाहेर या. दहा वेळा हाक मारली की मूल दहाव्या हाकेला उठायला शिकतं. "तुझं रोजचंच आहे, तुझ्या वयाची असताना मी..." हे सकाळी नको. सकाळी फक्त घड्याळ बोलायचं: "सहा वीस झाले." जे काही बोलायचं ते संध्याकाळी चहाच्या वेळी, आणि तेही एकाच गोष्टीबद्दल.

एसटी चुकणार, हे धरूनच चाला. चुकली की गाडी काढून सोडायला धावू नका. पुढची एसटी, पहिला तास बुडाला तर शिक्षकांना काय सांगायचं ते तिचं तिने सांगायचं. दोनदा असं झालं की उठणं सुधारतं. दहाच्या आतलं मूल असेल, परीक्षा असेल किंवा पुढची गाडी दुपारी असेल तर सोडा, पण न बोलता. वाटभर सुनावलं तर मुलाला चूक आठवत नाही, फक्त बोलणी आठवतात.

एका बाबतीत मात्र मुलाच्या मतावर काही सोडायचं नाही. साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर परत फिरायचं, पाणी घोट्याएवढं असलं तरी. वाहतं पाणी वीतभर असलं तरी मोठा माणूस पडतो, आणि गढूळ पाण्याखाली साकवाची फळी जागेवर आहे का ते दिसत नाही. "गाडी चुकली तर ओरडतील" या भीतीने मुलं साकव ओलांडतात. म्हणून हे पावसाआधी, साकवापाशी उभं राहून सांगा: पाण्यामुळे बुडलेल्या दिवसाबद्दल घरात कुणी काही बोलणार नाही. आणि खरंच बोलू नका. परतीच्या वेळी पाणी चढलं तर वाडीतल्या कुणाच्या घरी थांबायचं तेही आधी ठरवा, त्या घरीही सांगून ठेवा.

चतुर्थीत हे सगळं एकदा विस्कटणार. भजनं, आरत्या, घरभर चाकरमानी, मुलं बारा-एकला निजतात. तेवढे दिवस नियम उघडपणे बाजूला ठेवा, रोज किचकिच करण्यात अर्थ नाही. विसर्जनानंतर शाळा सुरू व्हायला चार दिवस असतील तर रोज अर्धा तास मागे या. दोनच दिवस असतील तर निजण्याच्या मागे लागू नका, उठायची वेळ पहिल्याच दिवशी ५.३० करा आणि दुपारची झोप बंद ठेवा. बुटांतले बोळे काढले आहेत का ते शाळेच्या आदल्या रात्री बघा. पंधरा दिवस ते तसेच राहिलेले असतात.